किल्ली कुठं असते

स्वागत समारंभ अकराला होता,
बाराला सुरू झाला.
प्रत्येकाला एक गुलाब, प्लॅस्टिकच्या नळकांड्यात.
पडद्यावर एकोणचाळीस स्लाइड:
विभागाची परंपरा, विभागाची उपकरणं,
विभागाचे माजी विद्यार्थी, जर्मनीत, बर्फात उभे.
शेवटी, "काही शंका?"
शंका कुणालाच नव्हती.
शंका यायलाही थोडं काही माहीत असावं लागतं.

हे मागच्या वर्षीचं.

कुणी सांगितलं नव्हतं
की प्रयोगशाळेची किल्ली ऑफिसात नसते,
स्टोअरमध्ये, जुन्या कॅलेंडरमागच्या खिळ्याला असते,
आणि चौगुले मामांना आधी चहा झाला का विचारायचं,
मग किल्ली.
की तळमजल्याच्या भिंतीवर पुराची रेघ आहे,
तिच्या खाली वह्या ठेवायच्या नाहीत.
की मॅडम गप्प होतात तेव्हा रागावलेल्या नसतात,
मनात आकडेमोड चाललेली असते.
की शिष्यवृत्तीला उत्पन्नाचा दाखला लागतो
आणि तो हातात पडतो
मुदत संपल्यावर दोन दिवसांनी.

सिदगोंडा बिराजदार माझ्या शेजारी उभा राहायचा.
रोल नंबर सतरा. गाव उमदीच्या पुढं,
जिथं महाराष्ट्र संपत आलेला असतो.
घरात कानडी, शाळेत मराठी, इथं पुस्तक इंग्रजी:
एका उत्तरासाठी तीन दारं उघडायची,
तोवर सर अठरा नंबरावर.
हात मात्र असा स्थिर
की ब्युरेटचा शेवटचा थेंब त्याचं ऐकायचा.
त्याच्या फ्लास्कमधला फिकट गुलाबी बघून
मी माझा गडद झालेला बेसिनमध्ये ओतायचे.
कसं करतोस, विचारलं नाही.
जेवतोस कुठं, हेही नाही.

दिवाळीनंतर तो आला नाही.
"जमलं नसेल," सगळे म्हणाले. मीही म्हणाले.
या वाक्यात कुणीच काही केलेलं नसतं,
म्हणून ते तोंडात बसतं.

त्याची वही ड्रॉवरमध्येच राहिली.
पुढून प्रयोग, मागून कानडी अक्षरं,
गोल गोल, मला वाटलं हिशेब असेल.

या जूनमध्ये शिवलीला आली, जतची, नवीन.
स्वागताच्या आदल्या दिवशी आम्ही जिन्यात बसलो होतो,
विश्रामबागच्या गाड्यावरचं भडंग मधे,
मी वही तिच्यापुढं सरकवली. वाच.
ती वाचत गेली, बोटानं ओळ धरून, मराठीत करत:
किल्ली कुठं असते?
डबा अर्धा मिळतो का, की पूर्णच घ्यावा लागतो?
मॅडम माझ्यावर रागावल्यात का?
दाखला उशिरा आला तर कुणाला भेटायचं?
इथं बोट थांबलं.
"पुढं?"
हे सगळं बाकीच्यांना आधीपासून माहीत आहे का?

भडंगातला एक शेंगदाणा मी किती वेळ चावत होते.

दुसऱ्या दिवशी सरांच्या स्लाइड झाल्या, गुलाब झाले.
मग आम्ही दुसऱ्या वर्षाचे नऊजण
नव्यांना घेऊन तळमजल्यावर गेलो,
रेघ दाखवली, खिळा दाखवला,
मामांनी स्वतःच चहा सांगितला.
मी वही उघडून प्रश्न वाचत होते,
नाव न घेता. उत्तरं जमेल तशी.
शेवटच्या प्रश्नाला फक्त "नाही" म्हणाले,
तेव्हा मागं कुणीतरी
मोठ्यानं श्वास सोडला.

रात्री फोन लावला. तासगावला बेदाण्याच्या शेडवर होता,
मागं मशीनची घरघर.
शिवलीलाकडून पाठ केलेलं मी घाईत म्हणून टाकलं,
"ऊट आयता?"
बराच वेळ नुसतं मशीन.
मग हसला. म्हणाला, "असं नाही म्हणत,
'य' जरा हळू."
मी परत म्हणाले. परत चुकलं.
"झालं जेवण," तो म्हणाला. "तुझं?"

दाखल्याचं मी सांगितलंय.
या वेळी आधी काढ म्हणून.
हो म्हणाला नाही.
नाहीही म्हणाला नाही.
हजेरीच्या कोऱ्या तक्त्यावर
सतरा नंबर अजून
कुणाला दिलेला नाही.